भारी ट्रेन केलंयस वहिनींना

गेल्या महिन्यात आमच्याकडे बोर्ड गेम्सची रात्र होती. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, सात माणसं, टेबलावर 'कटान'चा पट, बाजूला भडंग आणि गार झालेला पिझ्झा. खेळता खेळता विषय 'स्टार वॉर्स'वर गेला, तसा तो दर वेळी जातोच. नवख्या माणसाला सिनेमे कुठल्या क्रमाने दाखवायचे यावर वाद सुरू झाला. एक जण मॅशेटे ऑर्डरच्या बाजूने तावातावाने बोलत होता. म्हणजे आधी ४ आणि ५, मग मागे जाऊन २ आणि ३, शेवटी ६. आणि १ सरळ गाळायचा. मी म्हटलं, "पण १ गाळला तर अनाकिन गुलाम पोरगा होता हे नुसतं ऐकायला मिळतं, दिसत नाही. आईला मागे टाकून आलेला पोरगा दिसला नाही, तर २ मधला त्याचा राग कशावर उभा राहणार? तुला फक्त जार जार बिंक्स टाळायचाय, त्याला ऑर्डर कशाला म्हणतोस?"

क्षणभर सगळे गप्प. मग तो माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे वळला आणि म्हणाला, "भारी ट्रेन केलंयस रे वहिनींना."

सगळे हसले. नवराही हसला. मीही हसले, आणि पिझ्झा गरम करायला उठले. ओव्हनसमोर उभी असताना लक्षात आलं की मुद्द्याला उत्तर कुणीच दिलेलं नाही.

आधी त्या 'वहिनी'चं बघू. टेबलाभोवतीचे सातही जण सॉफ्टवेअरवाले. त्यातल्या दोघांपेक्षा माझा अनुभव एका वर्षाने जास्त आहे. एकाच्या कंपनीची तर ऑफर हातात असताना पगार पटला नाही म्हणून मी नाही म्हटलंय. पण नवऱ्याच्या मित्रांत मी लग्नाच्या दिवसापासून वहिनी. त्यातले दोघे कॉलेजात मला एकेरीत हाक मारायचे, ते अक्षता पडल्यावर 'अहो'वर आले. त्यात आदर आहे हे मला कळतं. त्या आदरासोबत एक खुर्ची मिळते, टेबलापासून जरा मागे सरकवलेली, हेही कळतं. वहिनीला खेळाचे नियम पुन्हा एकदा समजावले जातात. वहिनी जिंकली तर नशीब. आणि वहिनीला काही माहीत असेल, तर ते कुणीतरी शिकवलेलंच असणार.

आता कबुली देते. शिकवलेलंच आहे. लग्नाआधी मी 'स्टार वॉर्स'चा एकही सिनेमा पाहिला नव्हता. मी कराडची. वाचनालयातून 'हॅरी पॉटर आणि परीस' आणून मराठीत वाचला, तीच माझी फॅन्टसीतली धाव. (मराठीत वाचलेला हॅरी पॉटर या मंडळींत धरत नाहीत. तो वेगळ्या भांडणाचा विषय आहे.) मेकॅनिकल कीबोर्ड हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तहसील कचेरीबाहेरचा टाइपरायटर आला होता. आज तीन वर्षांनी मी स्विच लिनिअर आहे, टॅक्टाइल आहे की क्लिकी, हे पलीकडच्या खोलीतून आवाजावर सांगते. 'ड्यून' वाचलीय, आणि डेव्हिड लिंचच्या १९८४च्या सिनेमाची बाजू घेऊन कुणाशीही भांडायला तयार आहे. आमच्याकडे जुन्या लॅपटॉपवर एक घरगुती सर्व्हर चालतो. तो पहाटे तीनला बसला की नवऱ्याच्या आधी मला जाग येते. आणि खरं सांगायचं तर मला हे सगळं आवडतं. कुणावर उपकार म्हणून नाही, मनापासून आवडतं.

तर मग लागेल, नवऱ्याच्या संगतीने लागलं. त्याची लाज का वाटावी? कुणाला काय संगतीशिवाय लागतं? आमच्या टेबलावरचे हे जन्मजात गीक एक-एक करून तपासून बघा. नवऱ्याला 'स्टार ट्रेक' चुलतभावाच्या हार्ड डिस्कमधून मिळालं. बाकीच्यांना इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर डीसी प्लस प्लसने वाढवलं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: हॉस्टेलच्या लॅनवर प्रत्येक जण आपापलं फोल्डर खुलं ठेवायचा आणि अख्खी विंग एकमेकांच्या मशीनमधून उतरवून घ्यायची. थर्ड इयरच्या कुणा मुलाने अ‍ॅनिमे आणलं की महिन्याभरात सगळा मजला अ‍ॅनिमेभक्त. त्या मुलांना कुणी म्हणालं का, की तुमची आवड उसनी, ती काय रूम पार्टनरमुळे लागलीय? रूम पार्टनरमुळे लागली तर ती आवड. नवऱ्यामुळे लागली तर ते ट्रेनिंग.

आणि ही जागाच मुळी पोरांनी बांधली आणि मुली मागून पाहुण्या म्हणून आल्या, असंही नाही. 'स्टार ट्रेक'चं पहिलं फॅनझीन 'स्पॉकनेलिया' १९६७ साली दोन बायकांच्या संपादनाखाली निघालं. पुढच्याच वर्षी मालिका बंद पडायची वेळ आली, तेव्हा चॅनेलवर पत्रांचा पाऊस पाडून तिसरा सीझन मिळवून देणारी मोहीम बीजो आणि जॉन ट्रिम्बल या नवराबायकोने चालवली. ते पत्रं कुणी लिहावीत, कशी लिहावीत, याच्या सूचना सायक्लोस्टाइल करून वाटायचे. त्या घरात कुणी कुणाला ट्रेन केलं, हा प्रश्न मला विचारावासाही वाटत नाही.

माझं भांडण संगतीशी नाहीच, एकेरी वाहतुकीशी आहे.

आपल्याकडे लग्न झालं की मुलीला नवं कुलदैवत मिळतं. कालपर्यंत ज्योतिबाला जाणारी बाई आजपासून खंडोबाला जाते. आडनाव बदलतं, आमटीत गूळ पडायला लागतो किंवा पडायचा थांबतो, गौरी उभ्याच्या का खड्यांच्या हे नव्याने शिकावं लागतं. ती हे शिकली तर त्याला कुणी गुण म्हणत नाही, नाही शिकली तर मात्र बोल लावतात. आमच्यासारखी घरं म्हणतात, आम्ही असलं काही मानत नाही. खरंच मानत नाही. आमच्या घरी देव्हारा नाही. पण पहिल्या वर्षात मी नऊ सिनेमे, एक कादंबरी आणि तीन प्रकारचे स्विच शिकले. त्याच वर्षात तो माझ्याकडचं काय शिकला? खंडोबाच्या जागी योडा बसवला म्हणून कुळाचार संपत नाही.

'गीकशी लग्न केलंय' या विषयावरचे विनोद, रील्स, वाढदिवसाच्या पोस्टी तुम्ही पाहिल्याच असतील. बायको आधी डोळे फिरवते, मग हळूहळू तिला गोडी लागते, शेवटी ती नवऱ्याला लाइटसेबर भेट देते, आणि सगळे म्हणतात, किती गोड. याच्या उलटी गोष्ट कुणी सांगत नाही. नवऱ्याने आधी डोळे फिरवले, मग बायकोच्या नादाला लागून त्याला बांधणीच्या गाठी ओळखता यायला लागल्या, शेवटी तो स्वतःहून भुजला जाऊन आला. अशी माणसं असतीलही. त्यांची रील मला तरी अजून दिसलेली नाही.

यात आपल्या मराठी विज्ञानवेडाची सर्वांत लाडकी गोष्टही येते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते होते जयंत नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा बायकोच्या हस्ताक्षरात पाठवलेली. पहिलं बक्षीस मिळालं. हा किस्सा मी शाळेत ऐकला, कॉलेजात ऐकला, २०२५ साली नारळीकर गेले तेव्हा फोनवर पुन्हा पुन्हा वाचला. प्रत्येक वेळी मंगलाताई त्यात हस्ताक्षरापुरत्या येतात.

ते हस्ताक्षर कुणाचं होतं? लग्नाआधीच मुंबई विद्यापीठाची गणितातली एम.ए. सुवर्णपदकासह मिळवलेल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या गणितीचं. लग्न, केंब्रिज, मुंबईला परत येणं, तीन मुली; आणि लग्नानंतर दीड दशकाने, १९८१ साली पीएच.डी. विषय होता विश्लेषक अंकशास्त्र, म्हणजे अविभाज्य संख्यांसारख्या गोष्टींना कलनशास्त्राच्या चिमट्यात पकडणं. घराच्या जबाबदाऱ्या कायम करिअरच्या आधी ठेवल्या, असं त्यांनी 'लीलावतीज डॉटर्स' या भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरच्या संग्रहात स्वतःच लिहून ठेवलंय. त्यात त्रागा नाही. पण वाचणाऱ्याला हिशेब करता येतो.

त्यांचं नाव घराघरात पोचलं ते २०१९ साली, आणि तेही विनोद म्हणून. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं संख्यावाचन आलं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा त्या होत्या. मराठीत दशक-एककाचा क्रम बोलताना उलटा होतो, त्यात जोडाक्षरं, लहान मुलांना ते जड जातं, एवढा साधा आणि तपासून बघण्याजोगा मुद्दा. आपण काय केलं? 'पन्नास दोन पत्ते' असले विनोद फॉरवर्ड केले. मीही केले होते, तेव्हा मी कॉलेजात होते. संख्येचं नाव तोंडात कसं बसतं याचा इतका विचार करणारी बाई गीक नाही, तर मग कोण आहे? पण तिला तो शब्द कुणी लावला नाही. नारळीकरांवर माझा रोख नाही. तो किस्सा मोकळेपणाने सांगणारे तेच होते. रोख आपल्यावर आहे. पन्नास वर्षं आपण ती गोष्ट हस्ताक्षरावर थांबवत आलोय.

आमच्या घरातल्या सर्व्हरवर जी ऑपरेटिंग सिस्टिम आहे तिचं नाव डेबियन. १९९३ साली इयान मर्डॉकने ती काढली आणि तेव्हाची मैत्रीण, पुढची बायको डेब्रा, हिचं नाव आपल्या नावाला जोडलं. रोमन लिपीत लिहिलं तर पहिली तीन अक्षरं तिची, शेवटची तीन त्याची. नवऱ्याने हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं. मलाही तेव्हा खूप गोड वाटलं होतं.

माझ्याकडचं काय, ते आता सांगते. मी क्रोशा विणते. आजीने शिकवलं, सातवीच्या मे महिन्यात. साखळी, मुका खांब, खांब. ज्यांच्या डोक्यात याबरोबर टीव्हीवरचं जाळीदार कव्हर आलं, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण इथेच खरी गंमत आहे. क्रोशाचा नमुना हा सरळ सरळ प्रोग्रॅम असतो. सहा टाक्यांचं कडं. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले बारा. पुढच्या फेरीत एकाआड एक वाढ, झाले अठरा. दर फेरीत सहा वाढवत गेलं की सपाट चकती तयार होते. वाढ थांबवली की ती वाटीसारखी वर वळते. पण प्रत्येक ओळीत ठरलेल्या प्रमाणात वाढवत गेलं, समजा दर तीन टाक्यांमागे एक, तर २० साखळ्यांनी सुरू केलेलं काम दहाव्या ओळीत सव्वातीनशे टाक्यांच्या वर जातं. एवढी लांबी सपाट मावत नाही. कापडाला झालरीसारख्या लाटा पडायला लागतात, आणि हातात येतं ते हायपरबोलिक प्रतल. ज्या भूमितीत एका बिंदूतून एका रेषेला एकच नाही तर कितीही समांतर रेषा काढता येतात, तिचा हात लावून बघता येईल असा तुकडा.

हे मी शोधलेलं नाही. मूळच्या लाटव्हियाच्या गणिती डायना ताइमिना यांनी १९९७ साली कॉर्नेलमध्ये शोधलं. तोवर या प्रतलाचे नमुने कागदाच्या पट्ट्या चिकटवून करायचे, ते हाताळले की फाटायचे. ताइमिना यांनी लहानपणी शिकलेला क्रोशा काढला. त्यांचे पती डेव्हिड हेंडरसन कॉर्नेलमध्येच भूमितीचे प्राध्यापक, त्या विषयातले मुरलेले. बायकोचा हा लोकरीचा उद्योग त्यांनी कौतुकाने फ्रेममध्ये लावून ठेवला नाही. दोघांनी मिळून त्यावर 'मॅथेमॅटिकल इंटेलिजेन्सर'मध्ये २००१ साली लेख लिहिला, आणि पुढे भूमिती शिकवताना ते नमुने विद्यार्थ्यांच्या हातात दिले. ताइमिना यांच्या पुस्तकाला २०१२ साली ऑयलर पारितोषिक मिळालं. मुरलेला भूमितितज्ज्ञ लोकरीपाशी येऊन शिकला. संगतीने लागणं म्हणतात ते हे.

आमच्या शोकेसमध्ये असं एक जांभळं हायपरबोलिक प्रतल दीड वर्षापासून ठेवलेलं आहे. बोर्ड गेम्सला येणारे सगळे त्याला कोबी म्हणतात. त्याच्या शेजारी मी विणलेला योडा आहे. त्याचे फोटो मात्र सगळ्यांनी काढलेत. "वहिनी, कसला भारी योडा!" कान वेगळे विणून नंतर जोडले का, की टाके न तोडता काढले, हे एकानेही विचारलेलं नाही. कीबोर्डबद्दल हीच माणसं अर्धा अर्धा तास प्रश्न विचारतात, कुठली वायर, कुठलं सोल्डर.

रुखवत पाहिलंय ना तुम्ही? लग्नाच्या हॉलच्या कोपऱ्यात मांडलेलं. साखरेचा बंगला, डाळीची वरात, सुपारीचे भटजी, क्रोशाचं तोरण, मोत्यांचा मोर. महिनोन्‌महिने जागून, एका विषयात डोकं घालून, दुसऱ्या मुलीच्या रुखवतापेक्षा बारीक काम करायच्या जिद्दीने केलेलं. पाहुणे वाकून बघतात, खोट काढतात, कसं केलंय ते ओळखायचा प्रयत्न करतात. कॉमिककॉनमध्ये याहून वेगळं काय चालतं? पण रुखवत म्हणजे 'बायकांची हौस', आणि पस्तिशीचा माणूस पगारातून घेतलेल्या लेगोचा डेथ स्टार जुळवतो ते 'पॅशन'. माझ्या आजीच्या रुखवतातलं तोरण अजून आमच्या कराडच्या दारावर आहे. त्याचा नमुना कागदावर कुठेच नाही, तिने तो दुसऱ्याच्या दारावर बघून मोजून आणला होता. हॉस्टेलवाल्या पोरांना यात ओळखीचं काहीतरी वाटायला हरकत नाही.

आता थोडं माझ्यावर. हे सगळं इतकी वर्षं चाललं कारण मला त्यातून काहीतरी मिळत होतं. 'वहिनी बाकीच्या बायकांसारख्या नाहीत' हे वाक्य ऐकायला मला फार आवडायचं. पहिल्या दिवाळीत आई पुण्याला आली होती. मित्रमंडळी जमली होती, कुणीतरी काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "छे, मी काही सिरियल बघणारी बाई नाही." आई स्वयंपाकघरात होती. आई सात वर्षं एक मालिका बघतेय. त्यातलं कोण कुणाची सावत्र बहीण, कुठल्या वर्षी कलाकार बदलला, लेखकाने कुठला धागा सोडून दिला, हे तिला तोंडपाठ आहे. त्या टेबलावरच्या कुणापेक्षाही तिला तिचं विश्व जास्त पक्कं माहीत आहे. तिने ते ऐकलं. काही बोलली नाही. मला टाळी मिळाली, ती तिच्या खर्चाने. त्यामुळे 'ट्रेन केलंयस' म्हणणाऱ्या मित्रावर एकट्यावर मी चिडू शकत नाही. त्या टेबलावर जागा मिळावी म्हणून मी काय काय दारात काढून ठेवलं, ते मला माहीत आहे.

म्हणाल, आवड लादता येत नाही, त्याला क्रोशा आवडत नसेल तर नसेल. मान्य. पण मला कुठे कीबोर्ड आवडत होते? कुणीतरी उत्साहाने सांगत होतं, मी ऐकत बसले, दहाव्या वेळी कान तयार झाला. आवडण्याच्या आधी हा बसण्याचा वेळ द्यावा लागतो. तो वेळ घरातलं एकच माणूस देत राहिलं तर त्याला स्वभाव म्हणू नका. दुसरं एक नेहमीचं: 'अगं तो तसाच आहे, त्याच्या मशीनमध्ये रमलेला.' हे त्याच्या घरी आत्या, मावशी, सगळ्या जणी प्रेमाने म्हणतात. गीक असण्याची ही खरी मिळकत. मशीनमध्ये रमलेल्या माणसाला चुलत दिराच्या मुंजीची तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, आहेराची पाकिटं करावी लागत नाहीत. ती मी करते, आणि मग रात्री अकरानंतर मीही रमते. 'ती तशीच आहे, लोकरीत रमलेली' असं म्हणून मला एका तरी मुंजीतून सुटका मिळवून दाखवा.

त्या रात्री सगळे गेल्यावर आमचं भांडण झालं. मी विचारलं, तू काहीच का बोलला नाहीस? तो म्हणाला, "अगं, कौतुकच करत होता तो तुझं." मी म्हटलं, "माझं नाही, तुझं." तो सोंगट्या रंगांप्रमाणे पिशव्यांत भरत होता, नेहमी करतो, अगदी नीट. मी शोकेसकडे बोट करून विचारलं, "ते जांभळं काय आहे?" तो बराच वेळ बघत राहिला. तो हुशार माणूस आहे. नॉन-युक्लिडियन भूमिती त्याला माझ्यापेक्षा बरी येते. शेवटी म्हणाला, "कोबी नाही, एवढं माहितीय."

मी समजावून सांगितलं नाही. सुई आणि लोकरीचा गुंडा पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, शनिवारी शिकव.

पहिल्या शनिवारी डेबियनचं अपग्रेड होतं. दुसऱ्या शनिवारी बसला. तासाभरात वीस साखळ्या घातल्या, जीभ दातांत धरून, सोल्डरिंग करताना धरतो तशीच. मी मोजल्या. सतरा भरल्या. म्हटलं, उसव.